युद्धातली बोट राहायला घ्यायची असेल तर: आधी जागा, मग बोट

गेली सहा वर्षं आम्ही दोघं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका खाडीत ७२ फुटी लाकडी बोटीत राहतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी बांधलेली ही गस्ती लाँच. आज तिच्या इंजिनरूमच्या जागी आमचं स्वयंपाकघर आहे आणि खलाशी झोपत त्या पुढच्या कप्प्यात माझी पुस्तकं. इथे आलेली ओळखीची मराठी मंडळी बोट बघायला येतात, चहा होतो आणि मग प्रश्न येतोच, "आम्हालाही घेता येईल का गं अशी?" घेता येईल. पण आमची दोन वर्षं ज्या चुकांत गेली त्या तुम्ही करू नयेत, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

या बोटी घरं कशा झाल्या, तेवढं आधी सांगते. १९४५ नंतर नौदलाकडे शेकडो छोट्या बोटी बिनकामाच्या उरल्या. तोफा आणि बहुतेकदा इंजिनंही काढून त्या विकायला काढल्या गेल्या. बॉम्बहल्ल्यांत घरं गेलेली, शहरांत जागेची टंचाई, पेट्रोल रेशनवर. वेगवान बोटींची इंजिनं तर पेट्रोल अक्षरशः गटागटा पिणारी, ती चालवणार कोण? म्हणून लोकांनी रिकामी खोकी घेतली, खाडीत ओढत नेली, चिखलात बसवली आणि संसार थाटले. त्यातल्या काही आजही उभ्या आहेत.

१. बोटीची जात ओळखा

जाहिरातीत सरसकट "एमटीबी", म्हणजे मोटर टॉर्पेडो बोट, लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका. मुख्यतः चार प्रकार भेटतात.

एचडीएमएल, म्हणजे बंदररक्षक लाँच. लांबी ७२ फूट, रुंदी जेमतेम १६ फूट, गोल तळ, डिझेल इंजिनं, वेग ११-१२ नॉट (ताशी सागरी मैल). युद्धात चारशेहून जास्त बांधल्या गेल्या. राहायला घ्यायची तर माझं मत हिलाच. आटोपशीर आहे आणि अंगाने दणकट.

फेअरमाइल बी, ११२ फूट. सुमारे साडेसहाशे बांधल्या. प्लायवुडच्या बरगड्या आधीच कापून, संचासारख्या गोद्यांकडे पाठवायच्या आणि फर्निचर करणाऱ्या कारखान्यांतल्या सुतारांकडूनही काम करून घ्यायचं, अशी ती योजना होती. मार्च १९४२ च्या, फ्रान्समधल्या सां-नाझेर बंदरावरच्या धाडीत याच जातीच्या १६ लाँच गेल्या होत्या, आणि त्यातल्या मोजक्याच परतल्या. जागा भरपूर, पण मूरिंगचं, म्हणजे बोट बांधून ठेवायच्या जागेचं, भाडं लांबीवर ठरतं हे विसरू नका.

फेअरमाइल डी, ११५ फूट, रुंदी २१ फुटांच्या आसपास. आत प्रशस्त, पण देखभाल दोघांच्या आवाक्याबाहेरची.

व्हॉस्पर आणि तत्सम टॉर्पेडो बोटी, साधारण ७० फूट. एमटीबी म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या याच, जरी फेअरमाइल डीदेखील एमटीबी म्हणून वापरल्या गेल्या. वेगासाठी बांधलेल्या, म्हणून अंगाने हलक्या. इतकी वर्षं टिकलेली चांगली बोट मिळणं कठीण.

चारही जातींत एक गोष्ट समान: महॉगनीच्या फळ्यांचे दोन थर एकमेकांना छेदून तिरके बसवलेले, आणि मधे तेलात भिजवलेलं मांजरपाट. हे कापड नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या बोटींशी आपलं नातंही आहे. रॉयल इंडियन नेव्हीकडे याच जातीच्या लाँच होत्या, काही आपल्याकडच्या गोद्यांत बांधलेल्या, आणि बर्मातल्या आराकानच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांत त्या लढल्या. त्या नौदलात रत्नागिरीकडचे खलाशी फार मोठ्या संख्येने होते. आमच्या बोटीच्या अरुंद शिडीवरून उतरताना मला पुष्कळदा त्यांची आठवण येते.

२. बोट बघायच्या आधी जागा पक्की करा

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही बोट विकत घेता, पण ती जिथे बांधलेली असते ती जागा दुसऱ्याची असते: बंदर प्राधिकरणाची, एखाद्या मरीनाची किंवा खाजगी मालकाची. तिथे बारा महिने राहण्याची परवानगी असेल तर तिला निवासी मूरिंग म्हणतात, आणि अशी मूरिंग फार थोडी आहेत. "लेझर मूरिंग"वर, म्हणजे फक्त हौसेची बोट ठेवायच्या जागेवर, घर म्हणून राहता येत नाही. लोक गुपचूप राहतात, आणि एक दिवस नोटीस येते.

आम्ही पहिली बोट बघितली तेव्हा विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की जागा बोटीबरोबरच येते. आम्ही विश्वास ठेवला, तपासणीचे पैसे भरले, बोट वर काढण्याचा खर्च केला. नंतर जागेच्या मालकाला पत्र लिहिलं तर उत्तर आलं: करार फक्त सध्याच्या माणसापुरता आहे, नव्या मालकाला मिळणार नाही. व्यवहार तिथेच संपला आणि खर्च केलेले पैसे गेले ते गेलेच. म्हणून म्हणते, जागेच्या मालकाचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक पौंडही खर्च करू नका. त्या पत्रात पाच गोष्टी हव्यात: परवानगी निवासी आहे का, तुमच्या नावावर होईल का, मुदत किती, भाडं कसं वाढणार, आणि पुढे तुम्ही बोट विकलीत तर जागा खरेदीदाराला मिळेल का.

कायद्याचं संरक्षण घराइतकं नाही, हेही समजून घ्या. लंडनमधल्या चेल्सी इथल्या अशाच एका बोटीवरून, युद्धकाळातल्या लँडिंग क्राफ्टची (सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटीची) केलेली हाउसबोट होती ती, २००० साली अपील न्यायालयाने निकाल दिला. दोर आणि नळ सोडले की बोट हलवता येते, म्हणून ती जमिनीचा भाग नव्हे आणि भाडेकरूला घरासारखं संरक्षण नाही, असा त्याचा सारांश. त्यामुळे तुमच्या हातातला करार हाच तुमचा खरा आधार. तो वकिलाला दाखवा, तेही बोटींची कामं करणाऱ्या.

"जागा नसेल तर कालव्यांतून फिरत राहू" असं मनात असेल तर ते काढून टाका. इंग्लंडचे अरुंद कालवे सात फुटी बोटींसाठी खणले आहेत. १६ फूट रुंदीची बोट त्यांच्या पहिल्याच लॉकमधून, म्हणजे बोट वरखाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदातून, जाणार नाही. तिला नदीचं मुख, खाडी किंवा मोठी नदीच हवी.

काही ठरवण्याआधी एक दिवस शोरहॅम-बाय-सीला जाऊन या. एडर नदीच्या काठाने पायवाट आहे आणि तिथे ओळीने हाउसबोटी बसलेल्या आहेत, जुन्या नौदलाच्या बोटीही त्यात आहेत. भरती आणि ओहोटी दोन्ही बघा. ओहोटीला सगळ्या बोटी चिखलात टेकतात, आणि तो वास, तो रंग, ते तिरकं उभं राहणं आपल्याला रोज चालेल का, हे तिथेच कळतं. वाइट बेटावरचं बेंब्रिज आणि सफोकमधलं पिन मिल हीदेखील बघण्याजोगी ठिकाणं.

३. इतिहास पडताळून घ्या

प्रत्येक बोट डंकर्कला गेलेली असते, निदान जाहिरातीत. फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्यावरून सैन्याची बोटींनी सुटका झाली ती २६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत. फेअरमाइल बी त्या वर्षाच्या उत्तरार्धात यायला लागल्या. तेव्हा फेअरमाइल बी डंकर्कला होती असं कुणी सांगितलं तर किंमत तिथेच खाली आणा. मूळ क्रमांक विचारा, तो बोटीच्या एखाद्या तुळईवर कोरलेला सापडतो का बघा, आणि क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या नौदलाच्या कागदांशी ताडून पाहा. आम्हाला आमच्या बोटीचा क्रमांक रंगाच्या सात थरांखाली सापडला. खरवडताना आधी पांढरा, मग हिरवा, मग नौदलाचा राखाडी, आणि त्याखाली बोटाने वाचता येणारे आकडे.

बोट मुळातली बरीचशी शाबूत असेल तर नॅशनल हिस्टॉरिक शिप्स यूकेच्या नोंदवहीत नाव घालता येतं. त्यासाठी वय ५० वर्षांहून जास्त आणि लांबी ३३ फुटांहून जास्त लागते. या नोंदीने जुन्या इमारतींसारखं कायदेशीर संरक्षण मिळत नाही, पण सल्ला मिळतो, कसबी माणसं भेटतात. मला ती नोंद मोलाची वाटते.

४. ही कागदपत्रं मागा

- बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीखत: तुमच्या नावाचं तर हवंच, आधीच्या मालकांचीही साखळी हवी. ब्रिटिश नोंदणीकृत जहाजाचे ६४ हिस्से असतात. सगळेच्या सगळे ६४ विकणाऱ्याच्या नावावर आहेत ना, हे बघा.
- कार्डिफच्या जहाज नोंदणी कार्यालयाचा उतारा, बोट तिथे नोंदलेली असेल तर. कर्जाचा बोजा असेल तो त्यात दिसतो.
- मूरिंगचा करार आणि भाडं पूर्ण भरलेलं असल्याचं जागेच्या मालकाचं पत्र. जुनी थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते.
- आधीचे तपासणी अहवाल, असतील तेवढे सगळे.
- बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र. थेम्सच्या वरच्या भागात आणि कालव्यांवर ते सक्तीचं आहे, चार वर्षं चालतं. भरती-ओहोटीच्या बंदरात सक्ती नसली तरी विमा कंपनी मागू शकते.
- विम्याचं लेखी कोटेशन, खरेदीच्या आधी.

५. तपासणी: बोट पाण्याबाहेर काढूनच

लाकडी बोटी जाणणारा सर्व्हेअर तुम्ही शोधा. विकणाऱ्याने सुचवलेला नको. व्यवहाराच्या करारात "तपासणी समाधानकारक झाली तरच" ही अट घाला. साधारण दहा टक्के इसार देण्याची पद्धत आहे, आणि ही अट असेल तरच तो परत मिळतो.

त्या दिवशी स्वतः हजर राहा. आमचे सर्व्हेअर लहानशी हातोडी घेऊन नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, निघाले आणि हातभर अंतरावर टकटक करत गेले. आपण माठ घेताना वाजवून घेतो, अगदी तसं. चांगलं लाकूड टणक वाजतं. कुजलेल्या जागी आवाज बसतो, भद्द येतो. तासाभरात मलाही फरक कळायला लागला. मग त्यांनी एक पितळी स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून धड होता. त्यांनी पकडीने वाकवला तसा तो बिस्किटासारखा मोडला, आणि आतला रंग पिवळा नव्हता, गुलाबी होता. खाऱ्या पाण्याने जस्त निघून जातं आणि उरतं ते नुसतं सच्छिद्र तांबं. असे पाच-सहा स्क्रू वेगवेगळ्या जागचे काढून बघायला सांगा. फळ्या कितीही सुंदर असोत, त्यांना धरून ठेवणारं काहीच उरलेलं नसेल तर तुम्ही सुटी लाकडं विकत घेताय.

आता ते मधलं मांजरपाट. ते कुजलं की दोन थरांच्या मधे पाणी हिंडतं. गळती आत एका ठिकाणी दिसते, शिरलेलं असतं दहा फूट लांबून. आतली फळी बदलायची तर बाहेरचीही काढावी लागते, म्हणून दुरुस्ती साध्या बोटीपेक्षा कितीतरी महाग पडते. अहवालात "दोन थरांत ओल" असे शब्द दिसले तर खर्चाचा लेखी अंदाज घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन "उपायां"पासून सावध राहा. एक, तळात ओतलेलं काँक्रीट. जुन्या मालकांनी गळती थांबवायला ते सर्रास ओतलं. त्याच्याखाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. दुसरा, बाहेरून चढवलेलं फायबरग्लास. वरून गुळगुळीत दिसतं, पण आत अडकलेली ओल लाकूड खात राहते. दोन्ही असतील तर माझा सल्ला एकच, परत फिरा.

जुना रंग खरवडताना मास्क घाला, त्यात शिसं असणार असंच धरून चाला. धुराड्याच्या पाइपांवर जुनं गुंडाळलेलं काही असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याला हातच लावू नका, परवानाधारक माणूस बोलवा.

६. पैसे

घरासारखं गृहकर्ज यावर मिळत नाही. जुन्या लाकडी बोटीवर बोटींचं कर्ज देणारेही सहसा तयार होत नाहीत, तेव्हा रोख तयार ठेवा. बोट ही स्थावर मिळकत नसल्याने स्टँप ड्यूटी लागत नाही, मात्र खालची जमीनही घेत असाल तर वकिलाला विचारा. निवासी मूरिंगवर कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) बसतो, बहुधा सर्वांत खालच्या ए गटाचा. खरेदीला लागेल तेवढीच रक्कम जवळ असेल तर थांबा. किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पैसे पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला असायला हवेत, हा आमचा अनुभव.

७. पावसापासून वाचवा, समुद्र सांभाळून घेईल

बोट घेतली तेव्हा मी रत्नागिरीला मामांना फोन केला. त्यांची हयात मचवे बांधण्यात गेली. मी सगळं तळाबद्दल विचारत होते. ते म्हणाले, "तळाचं सोड. वरून गळतं का ते बघ. खारं पाणी लाकूड राखतं, गोडं पाणी खातं." सहा वर्षांत याहून खरं काही मी ऐकलेलं नाही.

या बोटी वरून खाली कुजतात. तोफा काढल्या तिथली डेकवरची भोकं कशीबशी बुजवलेली असतात. केबिनच्या कोपऱ्यांतून, डेकवर पुढे कुणीतरी चढवलेल्या खोलीच्या सांध्यांतून पावसाचं पाणी झिरपतं आणि डेकखालच्या तुळयांच्या टोकांशी साठून राहतं. तिथे वारा नसतो. दोन हिवाळ्यांत टोक भुसभुशीत. म्हणून ताबा मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात डेकवर ताडपत्री घाला, जशी आपण कोकणात पावसाआधी पडवीला झडप लावतो. दिसायला कशीही दिसो. मग आतून प्रत्येक तुळईचं टोक बोथट टोच्याने दाबून बघा आणि खडूने खुणा करा. त्यानंतरच रंग, पडदे, कपाटं.

आणि गरम राहावं म्हणून लाकडी बोटीला आतून स्प्रे फोम मारू नका. पोलादी बोटींना तो चालतो. लाकडाला श्वास घ्यायला जागा लागते. तळातल्या फळ्या अधूनमधून उचलून वारा खेळू द्या. कपाटांच्या पाठीला भोकं ठेवा.

आपला स्वयंपाक हाही यातलाच मुद्दा आहे. कुकरच्या तीन शिट्ट्यांची वाफ घराच्या भिंती सोसतात, बोटीच्या छतावरून मात्र थेंब टपकायला लागतात. शेगडीच्या वर थेट बाहेर जाणारा पंखा बसवा आणि हिवाळ्यात डीह्युमिडिफायर चालू ठेवा. आमचा रोज दीड-दोन लिटर पाणी काढतो.

८. चिखलातला मुक्काम

गाळात बसणं बोटीला वाईट नसतं. लाकूड पोखरणारा शिपवर्म हवा नसलेल्या गाळात जगत नाही, त्यामुळे गाळात रुतलेला भाग बहुधा सुरक्षित राहतो. बाहेरून टाचणीएवढं भोक आणि आत लांबलचक बोगदा, असं त्याचं काम. तो सापडतो पाण्यात उघड्या राहणाऱ्या भागात.

धोका वेगळा आहे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत भरती कमी असते, बोट बरेच दिवस नीट तरंगतच नाही आणि गाळ तळाला चिकटून बसतो. मग उधाण येतं. पाणी चढतं, बोट मात्र उठत नाही. जुनी एक्झॉस्टची भोकं, खिडक्यांच्या चौकटी, जे काही खाली असेल तिथून पाणी आत येतं. पहिल्या वर्षी अमावस्येच्या उधाणाला रात्री दोन वाजता आम्ही दोघं डेकवर एका कडेकडून दुसऱ्या कडेला चालत होतो, वजनाने बोट हलवण्यासाठी. ती सुटली तेव्हा खालून मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज आला आणि सगळी भांडी एकदम किणकिणली. दुसऱ्याच दिवशी सगळी न वापरातली भोकं कायमची बंद केली. तुम्ही हे आधीच करा. भरतीचं कोष्टक स्वयंपाकघरात लावा, आणि ताबा घेण्याआधी ओहोटीला जागेवर जाऊन काठीने तळ चाचपा. एक जुना खुंट किंवा दगड फळी फोडायला पुरेसा आहे.

९. वीज, गॅस, शेगडी

काठावरून मिळणारी वीज बहुधा १६ अँपिअरची असते, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. केटल आणि इंडक्शन एकदम लावलंत की अंधार. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळात साठतो, म्हणून सिलिंडर बाहेर, खाली निचरा असलेल्या बंद खणातच ठेवा. लाकडाच्या शेगडीसाठी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. बोट सेफ्टी स्कीमने तो एप्रिल २०१९ पासून सक्तीचा केला आहे, आणि सक्ती नसती तरी मी पहिला तोच घ्यायला सांगितला असता. संडासाचा मैला खाडीत सोडू नका. टाकी कुठे रिकामी होते हे जागेच्या मालकाला आधीच विचारा.

१०. पहिल्या दिवशी जवळ असावीत अशी हत्यारं

लहान गोल डोक्याची हातोडी, बोथट टोच्या, डोक्याला लावायची बॅटरी, आरसा, खडू. दोन बिल्ज पंप (तळात साठलेलं पाणी उपसणारे), दोन्हींना आपोआप चालू होणारा फ्लोट स्विच, आणि एक हाताने चालवायचा, कारण नेमकी वादळात वीज जाते. जाड ताडपत्री, जाड दोर चार, मऊ लाकडाच्या निमुळत्या खुंट्या वेगवेगळ्या जाडीच्या. अचानक गळती लागली तर हीच खुंटी चिंधी गुंडाळून ठोकायची. आमच्या खुंट्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, लाटण्याशेजारी टांगलेल्या असतात, अंधारातही हाताला लागतील अशा.